मधली झांज

अण्णा, उद्या दुपारी मला बाणेरला नाचासाठी रेकॉर्ड वाजवायच्या आहेत आणि आज संध्याकाळपासून मी एका जागी बसू शकलेले नाही. दोनदा चहा केला, एकदाच प्यायले. रेकॉर्डचं खोकं उघडलं, पुसलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. शेवटी मुलगी म्हणाली, "आई, तू बस गं एका ठिकाणी," म्हणून हा कागद पुढे ओढला आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की नारायण पेठेत आपलं लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात, आणि मध्ये आणखी दोन दुकानं तिथे येऊन बुडाली. पत्र पाठवायचं तरी कुठे, हा प्रश्नच आहे. तरी लिहिते.

खोकं तेच आहे, कोरेगाव पार्कातल्या जर्मन बाईंचं. तुम्ही त्यांचा टेप दुरुस्त करून दिला होतात आणि गावी परतताना विमानात वजन नको म्हणून त्या ते आपल्याकडे ठेवून गेल्या. मी तेव्हा कॉलेजात होते. दुपारची वेळ, दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, तुम्ही डबा खाताय आणि मी त्यातली पहिली रेकॉर्ड लावते. ठोका सुरू होतो, एकसारखा, थांबायचं नाव नाही. त्यावर कुठून तरी पियानो येतो आणि बऱ्याच वेळाने एक बाई एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायला लागते. मला वाटलं, आता तुम्ही विचारणार, गाणं कधी सुरू होणार? पण तुम्ही घास हातात धरून ऐकत राहिलात. मग म्हणालात, "ठोका काय, कुणीही देईल. दोन ठोक्यांच्या मध्ये झांज आहे, ती ऐक. ठोक्यावर माणूस पाय आपटतो, झांजेवर उचलतो. पाय उचललाच नाही तर नाच कसला?" या संगीताला हाउस म्हणतात आणि ते जर्मनीचं नाही, अमेरिकेतल्या शिकागोचं, हे मला पुढे कळलं. तुम्हाला सांगूनही उपयोग झाला नाही. तुमच्या लेखी ते शेवटपर्यंत 'जर्मन बाईंचं'च राहिलं.

तेव्हा कॉलेजांचे नाच दुपारी असायचे, कारण मुलींना दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं असायचं. तुमच्या स्पीकरच्या पेट्या भाड्याने जायच्या आणि पेट्यांबरोबर मी. काकांनी नाक मुरडलं तेव्हा तुम्ही म्हणालात, पेट्या माझ्या आहेत, सांभाळायला घरचं माणूस नको का? विषय संपला. मी दोन रेकॉर्ड एकमेकींत मिसळायला शिकले ती तुमच्या त्या झांजेवर. एका कानाला हेडफोन, दुसरा कान हॉलकडे, दोन्हीकडची झांज एकावर एक बसली की हळूच आवाज सरकवायचा. नाचणाऱ्यांना गाणं बदललेलं कळायचंही नाही. एखादी रेकॉर्ड सात-आठ मिनिटं चालायची आणि कुणाला घाई नसायची.

एकदा डेक्कनच्या हॉलमध्ये काही पोरांनी सिनेमातल्या गाण्यासाठी ओरडा केला, मी घाबरले आणि चालू रेकॉर्डवरची सुई उचलली. तुम्ही दाराशी उभे होतात. घरी आईने वाढलं, मी दोन घास खाल्ले आणि तुम्ही माझ्यापुढचं ताट उचलून ओट्यावर ठेवलंत. "जेवत्या माणसापुढचं ताट उचललं की कसं वाटतं?" तुम्ही विचारलंत. "मग नाचत्या माणसाचं का उचललंस?" आईने ताट परत आणून ठेवलं आणि तुम्हाला चार शब्द सुनावले. माझी भूक गेली होती, पण त्यानंतर मी सुई मध्येच कधी उचलली नाही.

आता सगळीकडे ताटं उचलायचंच काम चालू आहे, अण्णा. दोन मिनिटांत गाणं संपतं. आधी नुसता आवाज चढत जातो, सगळे फोन वर धरून वाट बघतात, मग एकदम दणका, एक उडी, की पुढचं गाणं. नाचतात कमी, नाचल्याचं चित्रीकरण जास्त. विसर्जनाला तर पेट्यांच्या भिंती उभ्या करतात, छातीत धडधड होते, खिडक्या हलतात आणि पाय उचलायला जागा नसते. मी वर्षभर ज्याला त्याला हेच सांगत होते की हल्लीच्या गाण्यातली झांजच गेली. सगळं गोधडीखालून ऐकू आल्यासारखं. मुलगी म्हणायची, "अगं आहे की, ऐक ना." मी म्हणायचे, तुम्हाला माहीतच नाही झांज म्हणजे काय. मग माझ्याच जुन्या रेकॉर्डसुद्धा मंद वाटायला लागल्या. मी सुई बदलली. ती नवी सुईही भिकार निघाली, म्हणून आणखी एक मागवली.

आज दुपारी मी आणि मुलगी बाणेरला आवाज तपासायला गेलो. नागपूरकडचा एक तरुण तिथे पेट्या लावत होता. मी जर्मन बाईंची पहिली रेकॉर्ड लावली. ठोका आला, पियानो आला, ती गाणारी बाई आली. ठोक्यांच्या मध्ये काही नाही. मी त्याला म्हणाले, तुमचे ट्वीटर गेलेत. झांज ज्यातून येते ते छोटे स्पीकरच बंद, एवढंही तपासत नाही का? तो म्हणाला, "मॅडम, वरचा आवाज फुल आहे. अजून वाढवला तर लोक कानावर हात ठेवतील ना." मी त्याला नको ते बोलले. आपल्या पेठेतल्या माणसाला शोभेल असंच बोलले. मुलगी पेट्यांच्या मागे गेली, थोडा वेळ वाकून उभी राहिली आणि परत आली. "झालं, आई. सुटलेली वायर होती. आता ऐक." फार गोड आवाजात म्हणाली. ती कधीच इतकं गोड बोलत नाही.

तो आवाज मी ओळखला, कारण तो माझाच होता. तुमच्या शेवटच्या वर्षी तुम्ही दुकानात खुर्चीवर बसून असायचात आणि परत आलेल्या प्रत्येक पेटीला म्हणायचात, हिचं ट्वीटर गेलंय. मी लावून बघायचे, तर ठणठणीत. आधी वाद घातला. मग आई म्हणाली, कशाला त्यांच्याशी हुज्जत घालतेस, बदललं म्हण. मी पेटी मागच्या खोलीत न्यायचे, चार स्क्रू काढायचे, तेच चार स्क्रू परत बसवायचे. "झालं, अण्णा. आता ऐका." तुम्ही मान तिरकी करून ऐकायचात आणि म्हणायचात, "आता कसं मोकळं वाटतंय." मला बरं वाटायचं. वाटायचं, म्हाताऱ्याला छान फसवलं.

बाणेरला त्या दोघांसमोर माझ्या तोंडून तुमचं तेच वाक्य गेलं, "आता कसं मोकळं वाटतंय." शब्द न शब्द तोच. मुलीचा चेहरा उजळला, तो नागपूरचा मुलगा खाली बघून वायर गुंडाळत बसला. परत येताना स्वारगेटला गाडी अडकली. मुलगी उद्या कोणती रेकॉर्ड आधी लावायची ते विचारत होती आणि मला एकदम कप्पा आठवला. नवे ट्वीटर ज्या कप्प्यात असायचे त्याला कुलूप होतं आणि किल्ली तुमच्या करगोट्याला. वर्षभर मी ट्वीटर बदलत होते, आणि तुमच्याकडे किल्ली एकदाही मागितली नाही. तुम्हीही एकदाही विचारलं नाहीत.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मला त्यावर रडावं की चिडावं कळत नाही, म्हणून मघापासून घरभर फिरते आहे. मुलीला आत्ता हाक मारून सांगावं, की झांज मला ऐकूच येत नाही, उद्या माझ्या शेजारी उभी राहा आणि झांज येईल तेव्हा माझ्या खांद्यावर बोटाने ठोक? की तुमच्यासारखं मोकळं वाटून घ्यावं? ती आत उद्यासाठी माझी साडी इस्त्री करते आहे. तिला अजून सांगितलेलं नाही, अण्णा. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही कुणाला सांगणार नाही.