चाचीचा दारातला फोटो

चाचा, तळेऱ्याच्या स्टँडवर बसलेय. गाडी कधीची यायला हवी होती. विजयदुर्गच्या रस्त्यावर कुठेतरी पाणी आलंय म्हणे, कंट्रोलरसुद्धा नुसता आभाळाकडे बघतोय. पिशवीत चाचीचा फोटो आहे, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, आणि तो आज तिच्या हातात द्यायचाय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि लिहायला बसले ते तुम्हालाच. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल, एका फोटोचं एवढं काय?

तुमची अंधारखोली आठवतेय. मागच्या, डोंगराकडच्या भिंतीला लागून, आणि अलीकडे चाचीचं स्वयंपाकघर, मध्ये नुसता काळा पडदा. एकीकडून औषधाचा आंबट वास, दुसरीकडून बांगड्याच्या तिखल्याचा. मी शाळा बुडवून यायचे आणि तुम्ही कधी विचारलं नाहीत. पहिल्याच रोलला मी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, फोटो आलेत का बघायला. उजेड लागून अख्खा रोल काळा. तुम्ही ओरडला नाहीत, तेच वाईट होतं. म्हणालात, "पीठ मळताना भाकरी दिसता काय गो?" पडद्याआडून चाची, "भूक लागली आसतली तिका, जेवूक वाढतंय." पुढे तुमचे हात थरथरायला लागले तेव्हा तुम्ही तो कॅमेरा माझ्याच गळ्यात घातलात. "फिरतंसच, तर ह्यो घेवन फीर." फिरले. अजून फिरतेच आहे. यंदा धामापूरच्या तळ्यावर एका बगळ्यामागे किती दिवस घालवले, त्याची एक वेगळीच गोष्ट आहे, पण ती राहू दे.

सांगायचं ते हे. तुमच्या घराच्या वर, सड्याच्या कातळपठारावर, आता चिऱ्यांची खाण आहे. तिच्यात पाणी साचतं. तिच्या खालच्या अंगाला, तुमच्या मागच्या दाराच्या बरोबर वर, काजूच्या झाडापाशी जमिनीला भेग पडलीय. चाचीचे गुडघे गेलेत, तिला वर चढवत नाही. म्हणून मी फोटो काढला, तुमच्याच कॅमेऱ्याने. आता इकडे रोल कुणी धूत नाही, मुंबईला पाठवावा लागतो. फोटो आले तोवर पाऊस सुरू झाला होता. फोटोतल्या भेगेत बोट गेलं असतं. वर जाऊन बघितलं तर माझा पाय जात होता. भेग आता रुंदावलीय म्हटलं, तर चाची फोटो बघून म्हणाली, "जुन्या फोटोत सगळ्याच बायका बारीक दिसतत गो." जामसंड्याला तिच्या बहिणीने खोली झाडून ठेवलीय. पण ही हलायला तयार नव्हती.

फोनवर काढलेला दाखवला, तर हातानेच बाजूला सारला. "फोनातला माका काय दाखव नको. परवा शेजाऱ्याच्या नातवान माका हत्तीर बसवल्यान. फोनात." आणि खरं सांगू, फोन फोटो गुळगुळीत करतो. भेगेला पावडर लावल्यासारखी दिसते.

मग खिशात मावेल असा छोटा डिजिटल घ्यायचं ठरवलं. तुमचा सोडून नव्हे, तुमच्या जोडीला. कणकवलीच्या दुकानदाराने मोठ्या झूमचा काढून दाखवला. "ताई, ह्याच्यात चंद्रावरचे खड्डे दिसतील." म्हटलं, "मला घरामागचा डोंगर दिसला तरी पुरे." तो हसला. मी हसले नाही. मला झूमच नको होता. झूम असला की आज इतका, उद्या तितका, मग डोंगर हलला की काच हलली हे कुणी सांगायचं? शेवटी एक जुना, वापरलेला मिळाला, एकाच भिंगाचा, उजेड आपल्या हाताने ठरवता येणारा. तुम्ही शिकवलं होतं तशी भिंगात बॅटरी मारून बुरशी बघितली. काच स्वच्छ होती.

रोज सकाळी अंगणातल्या एकाच चिऱ्यावर उभी राहून तोच फोटो काढत गेले. मग चाचीला शेजारी बसवलं आणि बटण कसं दाबायचं ते दाखवलं. तिने दाबलं. पुढचा, मागचा, पुढचा. घराचं छप्पर जागच्या जागी, आणि त्याच्या मागे, वर डोंगरावर काजू सरकतोय. प्रत्येक बटणाला थोडा खाली, थोडा वाकडा, जसा कुणी दबक्या पावलांनी उतरतोय. ती बराच वेळ नुसती दाबत राहिली. मग म्हणाली, "येतंय जामसंड्याक. पण आदी माझो एक फोटो काढ. ह्या दारात. ह्या डबड्यान नको, चाचाच्या कॅमेऱ्यान. तो धुवन हातात इलो काय मगे निघतंय. घर न्हेवक येवचा नाय, फोटो तरी नेतंय."

"चाची, त्याला किती दिवस लागतील..."

"लागांदेत. तुझ्या चाचान माका कधी घाई करूक नाय."

काढला. डोक्यावर पदर, एक हात चौकटीवर. आणि ती पदर सारखा करत होती तेव्हा खिशातला छोटा काढून त्यानेही एक घेतला. तो काळा-पांढरा करून आज कणकवलीत जाड कागदावर छापून घेतला. तुमच्या कॅमेऱ्यातला म्हणून देणार आहे. तुमचे ओले फोटो जन्मभर तिने दोरीवर घातले, चाचा. कागदाला हात लागताच तिला कळेल. कळू दे. रागाने का होईना, पण दाराबाहेर पाऊल टाकू दे. आज सकाळी निघाले तेव्हा मागचं दार चौकटीत अडकत होतं. चाची म्हणाली, पावसान लाकूड फुगला. असेलही.

गाडी आली वाटतं. लोक उठलेत.

एक सांगायचं राहिलं. खरा रोल मुंबईला पाठवला असं तिला सांगितलंय. पाठवलेला नाही, तुमच्याच कॅमेऱ्यात आहे. तो धुऊन येईल तेव्हा ते दार तिथे नसलं, तर तो फोटो बघायची माझी हिंमत नाही.