ओल्या रजयांचा कंटेनर

१२ जुलै २००४
ऑफिसातला कूलर बंद. दुपारी शकुंतलाजी आल्या. जयपुरातच, मुरलीपुऱ्यात त्यांचा रजयांचा कारखाना. एप्रिलमध्ये पाठवलेला कंटेनर गेल्या महिन्यात जर्मनीत उघडला, तर रजया ओल्या, बुरशी आलेली. गिऱ्हाइकाने माल नाकारला. आमच्या कंपनीचा विमा इथल्या बंदरापर्यंतच. पुढचा गिऱ्हाइकाने घ्यायचा होता, घेतलाच नाही. हे मलाच सांगावं लागलं. चहा मागवला, त्यांनी हात लावला नाही.
आता एकच दार, जहाज कंपनी. म्हटलं, जर्मनीतच सर्व्हेअरकडून, म्हणजे नुकसान तपासणाऱ्या तिऱ्हाइताकडून, तपासून घ्या. माझं काम नव्हे हे. तरी.

३० ऑगस्ट
जहाज कंपनीचं उत्तर: कंटेनर धड होता, माल ओलाच भरला, त्याच ओलीची वाफ होऊन आतल्या आत घाम सुटला.
शकुंतलाजी म्हणाल्या, "मॅडमजी, अप्रैल में जयपुर में रजाई गीली कैसे रखूँ, वो भी बता दें." मला हसू आलं. यायला नको होतं.

४ सप्टें.
सुट्टीच्या दिवशी मुरलीपुरा. टाके घालणाऱ्या बऱ्याच बायका घरी बसवल्यात. माल भरण्याआधी शकुंतलाजी स्वतः रिकाम्या कंटेनरमध्ये शिरून दार लावून घेतात. छपराला भोक असेल तर ऊन दिसतं. "घुप्प अँधेरा था. दम घुटने लगा था मेरा." साक्षीला त्यांचाच ड्रायव्हर. कोण मानणार.
घरी खिचडी टाकली. ऋचा म्हणते, "आई, तू मतलब रोजच थकलेली असतेस." खरंच आहे.

२२ नोव्हें.
सर्व्हेअरचा अहवाल आला. ओल खारी, समुद्राचीच. छपराचा पत्रा कोपऱ्यात फाटलेला, फाट ताजी. शकुंतलाजींना फोन केला. म्हणाल्या, "अच्छा जी." आज जेवण गेलं.

२ मे २००५
आता जहाज कंपनी जबाबदारी मानते, पण नाममात्र. भरपाईला दर नगामागे मर्यादा असते. जहाजाच्या मालपावतीवर नुसतं 'एक कंटेनर', आतली खोकी मोजून लिहिलेलीच नाहीत. म्हणून अख्खा कंटेनर एक नग. एजंट फोनवर अगदी गोड बोलत होता. एवढे घ्या, सही करा, पुन्हा दावा नाही.
दावा लावायचा तर माल पोचल्यापासून वर्षाच्या आत. म्हणजे याच जूनपर्यंत.

२७ मे
बदली. नागपूर. ऋचा रडली, मला काहीच वाटलं नाही.
मुंबईचे वकील म्हणतात, लढता येईल, वर्षं जातील, खात्री नाही.

३ जून
ऑफिसातला शेवटचा दिवस. शकुंतलाजी दोन्ही कागद घेऊन आल्या: कंपनीची तडजोड आणि मुंबईच्या वकिलांचं वकीलपत्र. टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.
"आप मेरी जगह होतीं तो?"
लढा म्हणणं मला सोपं, मी तर चालले. घ्या म्हणणंही सोपंच. म्हटलं, "मुझे सच में नहीं मालूम."
 रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. कागद पर्समध्ये घातले, नागपूरचा पत्ता मागून घेतला. सही कशावरच केली नाही.