माझं हाय बीपी आणि क्रॅनबेरी

४ मार्च. सकाळी, चहाआधी.
आजपासून रोज लिहिणार. या घरात कट शिजतोय, त्याची तारीखवार नोंद हवी. हिला, म्हणजे बायकोला, तिच्या बहिणीबरोबर दहा दिवस समुद्रकाठी जायचंय. वीस तारखेची बस. आधी तिकिटं काढली, मग मला विचारलं. विचारलं कसलं, सांगितलं! मी म्हटलं, आणि माझं बीपी?

या प्रश्नावर आमच्याकडे आजवर कोणी ब्र काढलेला नाही. मला हाय बीपी आहे, चिरंजीव शाळेत होते तेव्हापासून. तेव्हा मी लिफ्टवाल्याशी भांडून, जिने चढून डॉक्टरकडे पोचलो होतो. ते म्हणाले, थोडं जास्त वाटतंय, चिडत जाऊ नका. मी घरी येऊन सगळ्यांना बजावलं, मला चिडवत जाऊ नका. तेव्हापासून स्वयंपाक अळणी, दारं हळू लावायची, टीव्हीचा आवाज मी ठरवणार. याला म्हणतात शिस्त.

आज मात्र ही म्हणाली, बघू. बघू म्हणजे काय?

५ मार्च.
सून नवीन आहे. हॉस्पिटलात नर्स. मी तिला मनातल्या मनात सिस्टर म्हणतो. आज परवानगी न घेता माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला. ९४/५८. म्हणे, बाबा, तुमचं बीपी लो आहे.

लो! माझं! ज्याचा आवाज ऐकून पार्किंगमधली कुत्री उठून बसतात, त्याचं बीपी लो? परत मोजायला लावलं. ९२ आलं. मशीन भिकार आहे. मी तिला शास्त्रीय कारणही सांगितलं, की प्रेशर आत इतकं दाबून बसलंय की पट्ट्यापर्यंत पोचतच नाही. ती हसली. चिरंजीवही हसले, बायकोचे गुलाम. ही हसली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली. हे मला जास्त खटकलं.

६ मार्च.
समोरच्या फ्लॅटमध्ये एक रिटायर्ड बँक मॅनेजर आहे. कसे आहात विचारलं तरी 'एकशेसाठी' म्हणतो, म्हणून मी त्याला एकशेसाठीच म्हणतो. आजाराचा एवढा माज मी कोणात पाहिला नाही. आज त्याने बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं, क्रॅनबेरी नावाच्या परदेशी आंबट फळाने बीपी उतरतं.

लगेच डोक्यात प्लॅन तयार. औषध चालू आहे म्हणजे आजार आहे, हे कोर्टातही टिकेल. आणि क्रॅनबेरी रोज सकाळी उकळून, गाळून द्यायला घरात बायको हवी. संपली ट्रिप! कधीकधी मला माझंच कौतुक वाटतं, करणारं दुसरं कोणी नाही म्हणून.

७ मार्च.
सुक्या मेव्याच्या दुकानात भांडण. दुकानदार म्हणाला, काका, गोड देऊ की बिनसाखरेच्या? काका कोणाला म्हणतो? माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठाच असेल. बिनसाखरेच्या घेतल्या. चव गंजलेला खिळा चघळल्यासारखी. म्हणजे औषधी असणार.

९ मार्च.
पथ्य जाहीर केलं. सकाळी उपाशीपोटी क्रॅनबेरीचं ग्लासभर पाणी. नाश्त्याऐवजी मूठभर क्रॅनबेरी. मीठ पूर्ण बंद, बिस्किटातलंसुद्धा. साधं पाणी कमी, कारण पाणी वाढलं की नळाचं प्रेशर वाढतं, तसंच रक्ताचं.

सिस्टर म्हणाली, बाबा, हे तुमच्यासाठी नाही. बेरीने उतरलं तर थोडंसंच उतरेल, पण तुमच्याकडे उतरायला आहे कुठे? आणि नाही उतरलं तर उगाच तोंड आंबट. बाकी मीठ-पाणी तोडू नका, पडाल.

मी म्हटलं, पडायला मी काय कपडे वाळत घालायची दोरी आहे? हिला वाटेत गाठून सांगितलं, उद्यापासून उकळायची जबाबदारी तुझी. ही बरं म्हणाली. बघा! एका शब्दात काम.

११ मार्च.
हिने चिरंजीवांना उकळायला शिकवलं. गाळणी कशी धरायची, गॅस कधी बारीक करायचा, सगळं. म्हणाली, मी नसताना अडायला नको. इतका वेळ मी दारात उभा होतो. माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. ओरडणार होतो, पण डोळ्यापुढे काजवे चमकले, म्हणून बसलो. हाच पुरावा. प्रेशर चढलंय. उद्यापासून दोन मुठी.

१३ मार्च. दुपारी, ऑफिसात.
आमचा पार्सल डेपो. मी सुपरवायझर. सकाळी एका बेअक्कल हमालाने 'काच' लिहिलेलं खोकं उलटं ठेवलं. दाखवायला वाकलो, ताठ उभा राहिलो, आणि समोर काळोख. हाताला लागलं त्यावर बसलो. तो वजनकाटा निघाला. काउंटरवरच्या कारकुनाने आकडा वाचला आणि विचारलं, साहेब, कुठे पाठवायचं?

सगळा डेपो हसला. इथे माझ्यासमोर कोणी शिंकत नव्हतं! कारकुनाला मेमो द्यायचा होता, पण अक्षरं फिरत होती. उद्या देईन.

१४ मार्च.
मेमो राहिला. जिना चढताना दोनदा कठड्याला धरून थांबलो. एकशेसाठी भेटला. मी म्हटलं, माझं तुमच्यापेक्षा वर आहे. त्याने आकडा विचारला. म्हटलं, मशीनमध्ये मावत नाही. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आज खूप बरं वाटलं. तीन मुठी.

१७ मार्च.
चक्कर. भूक नाही. हातपाय गार. हिला म्हटलं, बघ माझी अवस्था. तिने कपाळाला हात लावून पाहिला आणि सिस्टरला हाक मारली. पूर्वी माझ्याजवळ बसायची. सिस्टरने पाण्याची बाटली आणि खारवलेले दाणे पुढे ठेवले. मी बशी ढकलली. शत्रूचं अन्न.

मेहुणीचा फोन आला होता. आतल्या खोलीत दोघी बराच वेळ खुसफुसत होत्या. ही हसत होती. हिचं हसणं इतकं मोठं आहे हे मला माहीत नव्हतं. ओरडून सांगितलं, आवाज कमी करा. आवाज मला हवा तेवढा चढला नाही.

१९ मार्च. संध्याकाळी.
शेवटचा डाव. मेहुणी बॅग भरायला आली होती. तिच्यासमोरच एकदा कडाडायचं ठरवलं, म्हणजे दोघींना कायमची दहशत. सोफ्यावरून ताडकन उठलो, बोट रोखलं, आणि म्हणालो, खबरदार.

पुढचं आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा मी उघड्या बॅगेत होतो. डोकं हिच्या नव्या ड्रेसवर आणि पाय वर, सोफ्यावर. पाय सिस्टरने धरले होते. त्या अवस्थेत मी सगळ्यांना खोलीबाहेर जायची ऑर्डर दिली. कोणी हललं नाही.

मनात मात्र म्हटलं, जिंकलो. आता कशी जाते?

दवाखान्यात नेलं. ८४/५०. डॉक्टर पोरगेलासा. जेवणखाण विचारलं, मी अभिमानाने सांगितलं. तो म्हणाला, क्रॅनबेरी हे औषध नव्हे, आवडली तर चार खा. पण बीपी मुळात लो असताना ते उतरवायला का निघालात? त्यातून नाश्ता नाही, मीठ नाही, पाणी नाही. पडाल नाही तर काय! नीट जेवा, पाणी प्या, सावकाश उठा. बाकी काही झालेलं नाही.

मी उठणार तेवढ्यात हिने विचारलं, डॉक्टर, यांना हाय बीपी आधी कधी होतं का? तो म्हणाला, तेव्हाचा एखादा आकडा असेल तर दाखवा. हिने माझ्याकडे पाहिलं. आकडा नव्हता. हिने मग विचारलं, हे चिडले तर यांच्या जिवाला धोका आहे का? डॉक्टर म्हणाला, यांच्या? अजिबात नाही.

डॉक्टर बदलायला हवा.

२० मार्च. सकाळी.
बस सातची होती. ही तयार होऊन माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. मला वाटलं, निरोप घेईल.

म्हणाली, अहो, मी इतकी वर्षं या घरात पावलं न वाजवता चालले. पोरगा एका विषयात नापास झाला, तुम्हाला सांगितलं नाही. माझे बाबा गेले तेव्हा बाथरूममध्ये नळ सोडून रडले, तुमच्या कानावर जाऊन तुमचं बीपी वाढायला नको म्हणून. आणि तुम्हाला काही नव्हतंच. मला तुमचा राग येतोय. खूप येतोय. इतका की आत्ता मला तुमच्याशी बोलायचं नाहीये.

नळ सोडून! केवढं पाणी वाया गेलं असेल, असं जिभेवर आलं होतं. गिळलं. का कोण जाणे.

ती गेली. जाताना दार आपटलं. भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

२१ मार्च.
हिचा फोन नाही. चांगलंच आहे. शांतता मिळाली. फोन आला की काय सुनवायचं ते ठरवून ठेवलं आहे. नवऱ्याला आजारी टाकून जाणं, दार आपटणं, परक्या डॉक्टरसमोर उलटतपासणी. क्रमाने घेणार.

२३ मार्च. दुपारी.
तिने फोन केलाच नाही, शेवटी मी केला. मागे लाटांचा आणि बायकांच्या हसण्याचा गोंगाट. मी सुरुवात केली. ती म्हणाली, ऐकू येत नाही, मोठ्याने बोला.

आमच्या संसारात हे ती पहिल्यांदाच म्हणाली. मी आवाज चढवला. ती म्हणाली, अजून मोठ्याने. मी उभा राहून ओरडलो. सिस्टर स्वयंपाकघरातून डोकावून परत गेली. एकशेसाठीने त्याचं दार उघडून बंद केलं. मेहुणीने तिकडे विचारलं असावं कोण आहे, कारण ही म्हणाली, कोणी नाही गं, हे आहेत.

मग बहुधा ती चालत बाजूला गेली. गोंगाट कमी झाला. म्हणाली, हां, आता अगदी स्पष्ट ऐकू येतंय. बोला.

मी फोन कानाला लावून उभा राहिलो. ती बराच वेळ थांबली होती. क्रमातलं पहिलं काय होतं, तेच आठवेना.