धाकट्यासाठी वकील

मंगळवार, संध्याकाळ.

बांधाच्या भांडणात माझं डोकं फोडणाऱ्या धाकट्या भावासाठी वकील शोधायचं काम आईनं माझ्यावरच टाकलं. फिर्यादी मीच!

"रोज शिरूरच्या कोर्टात खटले ऐकत बसतोस, तुला समदं म्हाईत हाय. चांगला बघ."

बघितला. दौंडचा. तीन वर्षं ऐकतोय त्याला. कुणाला जामीन मिळवून दिल्याचं आठवत नाही. टाके ठणकत होते म्हणून केलं... की ही आपली सबब?

आज जामीन फेटाळला. पोलिसांच्या गाडीत चढताना धाकट्यानं हात जोडले. "दादा, म्या डोस्कं फोडलं, तरी तुम्हीच धावलात."

टाके खरंच ठणकत होते.

मी म्हणालो, "काळजी करू नकोस. पुण्याच्या वरच्या कोर्टातही हाच वकील ठेवू."