इंजिनाचं गाऱ्हाणं

लालबाग, मुंबई
फेब्रुवारी १९५६

तीर्थरूप आईस, तुझ्या गुणाजीचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे, भिवाचं पुढे लिहितो. मुंबईच्या बातम्या तिकडे पोचल्या असतील, त्यातल्या अर्ध्या खोट्या समज.

आमच्या कारखान्याने शर्यतीच्या मोटारवाल्यांशी करार केलाय. गाडी त्यांची, इंजिन आमचं. ते मी आणि भिवाने जुळवलं. रविवारी जुहूला शर्यत आहे. इंजिन टिकलं तर दोघांना कायम करतील.

काल ते पहिल्यांदा सुरू करायचं होतं. भिवाने नारळ ठेवून देवळातल्या आबांच्या थाटात गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं, "ह्या इंजिनाक यश दी रे म्हाराजा!" आम्ही गावचे सगळे फिटर ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

बाहेर जमावबंदी. पोलिसांना वाटलं, आत घोषणा चालल्यात. ते घुसले. मी सांगितलं, हे देवाचं आहे. फौजदार हसून निघालाच होता. पण तुझा धाकटा तुला ठाऊक आहे. म्हणाला, "घोषणा ऐकायची हौस आहे ना? संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"

त्याला घेऊन गेले. सोडतील, असं सगळे म्हणतात. कुठे ठेवलाय, ते कुणी सांगत नाही.

इंजिन झकास चाललं. मोटारवाले खूश आहेत. मला त्याचा आवाज ऐकवत नाही.

तुझा गुडघा कसा आहे? गाय व्याली का?

रवळनाथाला नारळ ठेव. इंजिनासाठी काही मागू नको, भिवाचं नाव घे. शेजाऱ्यांना बोलव आणि "व्हय म्हाराजा" जोरात म्हणू दे. इथे आम्हाला ते मोठ्याने म्हणायची सोय राहिली नाही.

तुझाच,
गुणाजी