जुन्या घरातली किटली

सोमवार, ३ फेब्रुवारी

किटली सापडत नाही!

घर बदलताना विजेची किटली सगळ्यात शेवटी भरायची आणि नव्या घरात सगळ्यात आधी बाहेर काढायची — हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. लॉरीवाले दोघं नव्या स्वयंपाकघरात हात चोळत उभे, मी खोक्यांमागून खोकी फोडतोय, आणि किटलीचा पत्ता नाही. शेवटी खालच्या मजल्यावरच्या मिसेस ऑग्डेनकडून पातेलं मागून आणलं. पातेल्यातला चहा! एकेक घोट घेऊन त्या दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

किटली ऑड्रीने स्वतः भरली होती. विचारलं तर म्हणाली, "राहिली असेल कुठेतरी. उद्या नवी आण." बस, एवढंच. हीच बाई एकदा सहलीत विसरलेल्या चमच्यासाठी बस पकडून परत गेली होती!

फ्लॅट बरा आहे. लिफ्ट आहे, जिने चढायला नकोत. माझ्या गुडघ्यासाठी म्हणून घर सोडलं — गुडघा माझा, पण हट्ट तिचा. भिंती मात्र पुठ्ठ्याच्या आहेत. मिसेस ऑग्डेन खाली शिंकल्या की वर आपण रुमाल शोधायचा.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

जुनं घर अजून आमच्याच गळ्यात. आमचं घर घेणाऱ्याचं स्वतःचं घर विकलं जायचंय, ते घेणाऱ्याचंही त्याचं अजून विकायचंय. अशी ही साखळी, आणि त्यात मधेच कुणीतरी रुसून बसलंय. त्यामुळे ते रिकामं घर तसंच उभं आहे.

विजेचं काय करायचं, हा आज नाश्त्याचा विषय. ऑड्रीचं ठरलेलं आहे — कंपनी तीच ठेवायची. "नवी शोधत बसू नकोस. ती तुला निदान नावाने तरी माहीत आहे. आणि फोन तू करायचास."

"मी? खातं तुझ्या नावावर आहे."

"म्हणूनच. आता तुझ्या नावावर करून घे."

लग्न झाल्यापासून वीज, गॅस, पाणी सगळं तिनेच पाहिलं. मी लोकांना गाडी शिकवली. कामं अगदी नीट वाटलेली होती. आता अचानक मी कशाला? तर म्हणे, "मला पोहायला वेळ हवाय." मंगळवारी आणि शुक्रवारी पोहायला जाणार आहे. स्कारबरोच्या समुद्रात घोट्याच्या वर कधी न गेलेली बाई!

गुरुवार, ६ फेब्रुवारी

फोन केला. आधी संगीत. मग 'तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' मग पुन्हा संगीत. मग कॅलम नावाचा एक मुलगा — "हाय जेफ!" मी याला जेफ कधीपासून झालो?

"घर बदललंय, कंपनी तुमचीच ठेवायची आहे, खातं माझ्या नावावर करायचं आहे," मी एका दमात सांगितलं.

"अरे वा, जेफ! खातेदार जवळ आहेत का?"

ऑड्री तिथेच होती. फोन घेतला, "हो, माझी परवानगी आहे, यांच्याशी बोला," म्हणाली आणि परत माझ्या हातात दिला. मग समोरच्या खुर्चीत बसून राहिली. कॅलम विचारत होता, मीटर कुठल्या जातीचं, जुन्या घरातून कधी निघालात, घरात किती माणसं राहतात? "दोन! अजून किती राहणार या खुराड्यात?" मी चुकत होतो, अडत होतो, डोळ्यांनी तिला विनवत होतो. ती नुसती मांडीवर हात ठेवून पाहत होती.

फोन ठेवल्यावर मी तिच्यावर ओरडलो. "तू पाच मिनिटांत केलं असतंस!"

"हो," ती म्हणाली. "पण तू केलंस ना?"

चिडून अख्खी संध्याकाळ बोललो नाही. तिच्या लक्षात आलं असेल की नाही, कुणास ठाऊक.

रविवार, ९ फेब्रुवारी

ज्यूडिथ आली होती, मोठ्या केकसकट. मुलगी जवळ राहते हा या फ्लॅटचा एकमेव फायदा. कंपनीचं अ‍ॅप माझ्या फोनवर घालून दिलं. "बघा डॅड, हे नवं घर, हे जुनं घर. कुठे किती वीज गेली ते दुसऱ्या दिवशी दिसतं." दोन रेषा. नव्या घराच्या रेषेवर सकाळी एक सुळका. ती नवी किटली, म्हणाली.

ऑड्रीने आज मला कपड्यांचं यंत्र शिकवलं. लोकरीचं कुठे, पांढरं कुठे. "मी काय लाँड्री काढणार आहे का?" म्हटलं. हसली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

घोटाळा! कंपनीचा निरोप — जुन्या घराचं खातं बंद होत नाही, म्हणून नव्याचं काम पुढे सरकत नाही. कारण काय, तर आम्ही निघाल्याची जी तारीख सांगितली तिच्यानंतरही तिथलं मीटर फिरतंय!

फोन. संगीत. या वेळी शॅनन नावाची मुलगी. "तुम्ही नक्की घर सोडलंय ना, जेफ?"

"मुली, मी त्या घरातला शेवटचा बल्ब स्वतःच्या हाताने बंद केलाय!"

"मग कुणीतरी वापरतंय," ती म्हणाली. "मीटर स्वतःच आकडे पाठवतं, ते खोटं बोलत नाही."

म्हणजे मी खोटं बोलतो. हात टेकले या लोकांपुढे. ऑड्रीला सांगितलं तर म्हणाली, "वायरिंग जुनी आहे. नको त्याच्या मागे लागूस." बिलातल्या एका आकड्यासाठी कंपनीला रडवणारी बाई मला म्हणते मागे लागू नकोस!

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

डॅफोडिल्सची जुडी आणली. ऑड्री पोहून आली ती कोटासकट पलंगावर पडली. फुलं पाहून म्हणाली, "मास्तर, तुम्ही आणि फुलं!" लाडात आली की मास्तर म्हणते.

पिशवीतून टॉवेल काढला, वाळत घालावा म्हणून. कोरडा ठणठणीत. "पोहलीस की नुसत्या गप्पा हाणल्यास?"

"तिथे टॉवेल देतात."

शुक्रवारचे फिश आणि चिप्स आणले होते. तिने जवळजवळ सगळे माझ्या ताटात सरकवले. मीही खाल्ले. मला काय, आवडतात!

सोमवार, १७ फेब्रुवारी

अ‍ॅपसमोर ठाण मांडून बसलो. जुन्या घराची रेषा आठवडाभर सपाट. फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी उठलेली. आधी एक टोकदार सुळका, मग लांबलचक पठार. सुळका मी ओळखतो आता — नव्या किटलीचा अगदी तसाच असतो. पठार म्हणजे हीटर.

कुणीतरी आमच्या घरात शिरतं, हीटर लावतं आणि चहा पितं!

ऑड्रीला म्हटलं, पोलिसांना कळवू. "चोर काय चहा करून पितात?" ती म्हणाली, पण माझ्याकडे न बघता. मग खिडकी पुसू लागली. खिडकी स्वच्छ होती.

कंपनीने हात वर केलेत. पोलीस येणार नाहीत. गाडी विकली. गुडघा असा. करू काय? उद्या मंगळवार आहे. ही पोहायला गेली की मी बसने जातो. काठी आहेच.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

लिहितो. झालं तसं लिहितो.

जुन्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. पुढच्या रिकाम्या खोलीत जमिनीवर आमची हरवलेली किटली. तिच्याशेजारी ऑड्रीचा निळा कप. जुना पंख्याचा हीटर घरघरत होता. लॉरीवाले विसरून गेलेल्या गोधडीवर, भिंतीला टेकून, कोट घालून ऑड्री बसली होती. बाजूला बादली. मनगटावर हॉस्पिटलचा कागदी पट्टा.

मी काठी उगारलेली होती. तशीच राहिली.

"जेफ," ती म्हणाली. "बसने आलास? गुडघ्याचं काय?"

माझ्या गुडघ्याची चौकशी करते!

मग सगळं एकेक करून बाहेर आलं, तेही मी विचारलं म्हणून. पोहणं बिहणं काही नव्हतं. या रस्त्याच्या टोकाचं हॉस्पिटल, मंगळवार आणि शुक्रवार. आजाराचं तिला उन्हाळ्यापासून ठाऊक आहे. हॉस्पिटलातून सुटली की फ्लॅटपर्यंतची बस सोसत नाही, म्हणून आधी इथे येऊन पडते. पोट ठिकाणावर आलं की मग घरी.

"घरी का नाही येत? मी होतो की!"

"तिकडे भिंती बघ कशा आहेत. मला ओकताना तू रोज ऐकलं असतंस. मिसेस ऑग्डेननेही."

"किटली मुद्दाम ठेवलीस?"

"चहाशिवाय कसं बसायचं?" असं म्हणून हसली. तिचा चेहरा किती बारीक झालाय ते मला आज दिसलं. रोज समोर बसून जेवत होतो! तिचे चिप्स खात होतो!

"बरी होशील ना?"

"नाही रे. थोडं लांबवतायत, एवढंच."

मी ओरडलो. मला का सांगितलं नाहीस, मी कोण आहे तुझा, उन्हाळ्यापासून! रिकाम्या खोलीत माझाच आवाज माझ्यावर आदळत होता. ती ऐकत राहिली. मला रडू फुटलं. मला सावरता येईना, तिला सावरता येईना, आणि माझ्या गुडघ्यामुळे मला जमिनीवर तिच्याशेजारी बसताही येईना. तेवढंही नाही!

मग मी काय केलं? किटली लावली. आम्हा इंग्रजांना दुसरं येतं काय.

एकच कप होता. आळीपाळीने प्यायलो.

गुरुवार, २० फेब्रुवारी

ज्यूडिथला सांगितलं. ऑड्रीने सांगितलं. मी खिडकीत उभा होतो.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आज मीही बरोबर गेलो. हॉस्पिटलात तिला माझ्याहून जास्त लोक ओळखतात. "हे आमचे मास्तर," तिने नर्सला सांगितलं. "अर्ध्या गावाला गाडी शिकवली यांनी." नर्स म्हणाली, "मग धीर असेल यांच्याकडे." ऑड्री म्हणाली, "छे हो, शिकवताना तेवढा असतो."

नंतर जुन्या घरात. या वेळी घडीची खुर्ची नेली आणि दुसरा कप. ती गोधडीवर झोपली, मी बसून राहिलो. तिची बादली मी धुतली. हे काम तरी येतं मला.

घरी आलो तर कंपनीचा निरोप — मीटर अजूनही फिरतंय, कृपया संपर्क साधा.

सोमवार, २४ फेब्रुवारी

झोपत नाही मी. डोक्यात एकच गोष्ट घोळते आहे, गाडीची.

शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असायचा. नवशिक्या चढावर अडला, इंजिन बंद पडलं, मागून हॉर्न वाजू लागले की नवा मास्तर घाबरून स्टीअरिंगला हात घालतो. मी घालत नसे. दोन्ही हात मांडीवर. पाय ब्रेकवर, पण हात मांडीवर. तो घामाघूम होतो, शिव्या देतो, तरी हात मांडीवरच. कारण परीक्षा झाल्यावर तो गाडीत एकटा असणार, हे मला माहीत असायचं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

हॉस्पिटलातून आल्यावर जुन्या घरातूनच कंपनीला फोन लावला. ऑड्री समोर होती. कॅलमच भेटला. मी एकदाही अडलो नाही. नव्या घराचं खातं माझ्या नावावर करा. जुन्याचं इतक्यात बंद करू नका. मीटर बरोबर आहे, माझी बायको इथे चहा पिते. तो म्हणाला, "ठीक आहे जेफ, झालं! फक्त एक खात्री करून घेतो. नव्या घरात माणसं किती राहतात?"

मी ऑड्रीकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात मांडीवर.

"सध्या दोन," मी म्हणालो.