दोन्ही टोकांना प्लग

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

काल थँक्सगिव्हिंगचं जेवण. टर्की कोरडी झाली होती. मी तसं स्पष्ट सांगितलं, कोणीतरी सांगायलाच हवं. मार्लिसने माझ्यासमोरचं ताट उचललं आणि टर्कीचा पाय मात्र वाढलाच नाही. बायकोला खरं सोसत नाही.

सकाळी ग्रेटाचा फोन. चार वर्षांनी मुलगी घरी येतेय. चोवीस तारखेला, नवऱ्याला, ड्वेनला, आणि लिनेयाला घेऊन. लिनेया तीन वर्षांची. माझी एकुलती एक नात, आणि मी तिला फक्त फोनवर पाहिलंय, तेही बहुतेक वेळा तिला माझं नुसतं नाकच दिसतं. चार दिवस राहणार. पण अट घातलीय. बाबांनी ड्वेनला एक जरी टोमणा मारला किंवा घरात काही तमाशा केला, तर सामान गाडीत आणि आम्ही हायवेवरच्या मोटेलात.

टोमणा! लग्नातल्या भाषणात मी एवढंच म्हणालो होतो की पोरीने डॉक्टर सोडून वायरमन पकडला, आता निदान बल्ब तरी फुकट बदलून मिळतील. लोक हसले होते. दोघं तर नक्कीच.

असो. नातीसाठी गप्प बसेन. ठरलं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

गप्प बसणं अवघड करून ठेवलंय. मार्लिस सांगते, ड्वेनने लिनेयाला कबूल केलंय की आजीच्या घराला मी नाताळचे दिवे लावून दाखवीन. स्वतःची शिडी घेऊन येतोय म्हणे. माझ्या घराला! तो!

मी ३१ वर्षं चीजच्या फॅक्टरीत सेफ्टी इन्चार्ज होतो. ३१ वर्षांत एकाही अपघाताची नोंद नाही. नोंदवही माझ्याकडेच असायची.

निश्चय: चोवीसच्या आत घर असं उजळायचं की वायरमनला शिडी गाडीवरून उतरवावीच लागू नये. मार्लिस म्हणाली, करू दे की त्याला, तेवढंच तुमच्या दोघांचं बरं होईल. मी म्हणालो, आमचं काय वाईट चाललंय? ती हसली. तिचं ते हसणं मला आवडत नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

दिव्यांच्या माळांच्या खोक्यावर सूचना आहेत. आधी जमिनीवर लावून तपासा. एकाला एक अशा तीनच माळा जोडा. बाहेरच्या म्हणून विकलेल्याच बाहेर वापरा. वायरवर स्टेपल मारू नका. असल्या सूचना मी स्वतः लिहीत असे. त्या कोणासाठी असतात ते मला ठाऊक आहे.

आपल्याकडे आठ माळा आहेत. पाच घरातल्या नाताळच्या झाडाच्या. बल्बला काय कळतं आपण आत आहोत की बाहेर.

शनिवार, ६ डिसेंबर

आज काम फत्ते. उणे नऊ तापमानात, शिडीवर, तीन तास. क्लिपा लावत बसलो नाही, स्टेपल गन घेतली. धुराड्याच्या टोकापासून सुरुवात करून पन्हाळीच्या कडेने खाली गॅरेजपर्यंत. २१२ स्टेपल. मार्लिस खालून एकेक माळ देत होती. मध्ये दोनदा ओरडली, टोक कुठलं आधी यायला हवं ते बघितलंस का? मी म्हणालो, शिडीवरच्या माणसाशी बोलायचं नसतं, हा सेफ्टीचा पहिला नियम.

संध्याकाळी ४.१५. भिंतीतल्या सॉकेटपाशी पोचलो. हातात माळेचं शेवटचं टोक. तेही सॉकेट. भिंतीतही सॉकेट.

प्लग वर आहे. धुराड्याशी. तिथे लाइट नाही, कधी नव्हती.

४.३०. मार्लिसने चुकीचं टोक हातात दिलं.

५.१०. तिला तसं सांगितलं. आज जेवण तिने टीव्हीसमोर घेतलं, मी किचनमध्ये.

रविवार, ७ डिसेंबर

२१२ स्टेपल उपटून आठ माळा उलट्या लावायच्या? सवालच नाही. असली कामं डोक्याने करायची असतात. दोन्ही टोकांना प्लग असलेली एक वायर मिळाली की झालं. एक टोक भिंतीत, दुसरं माळेत. इतकं सोपं आहे की अजून कोणाला सुचलं कसं नाही याचं नवल वाटतं.

सोमवार, ८ डिसेंबर

सुचलंय म्हणे. शेजारचा गॉर्डी हार्डवेअरच्या दुकानात काउंटरला असतो. वायर मागितली तर गालातल्या गालात हसला. म्हणाला, दर डिसेंबरात चार जण येऊन हेच मागतात, यंदा तू पाचवा. अशी वायर कोणी बनवत नाही, व्हर्लिन, कारण एक टोक भिंतीत घातलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांत करंट असतो, हात लागला की खेळ खलास. माळा उतरव आणि उलट्या लाव, रविवारी येतो मी मदतीला.

सगळं दुकान ऐकत होतं. चर्चमधली ती जाडी बाईसुद्धा. मी म्हणालो, गॉर्डी, तू खिळे मोज. मी ३१ वर्षं सेफ्टी बघितलीय.

रविवारी येतो म्हणे. त्याचं पाऊल माझ्या हिरवळीवर पडलं तर बघतोच.

बुधवार, १० डिसेंबर

वायर स्वतः बनवली. दोन जुन्या वायरी आणि भरपूर चिकटपट्टी. दिसायला देखणी नाही, पण देखणेपणा शोभेच्या माणसांनी करावा.

शनिवार, १३ डिसेंबर

पहिली चाचणी. ठिणगी उडाली, छोटी. उजवा हात कोपरापर्यंत बधिर, छान वाटत होतं, रक्ताभिसरण सुधारलं असावं. बाहेरचा सॉकेट टप्पकन बंद पडला. तो ओल लागली की स्वतःहून बंद होतो, मग बटण दाबून चालू करायचा. अकरा वेळा दाबलं. अकरा वेळा बंद. असले घाबरट सॉकेट कशाला बनवतात?

मार्लिसला विचारलं तर म्हणाली, तो घाबरट नाही, शहाणा आहे. बोलण्यात अर्थ नाही.

बुधवार, १७ डिसेंबर

विजय! वायर गॅरेजच्या खिडकीतून आतल्या सॉकेटला नेली. आतला सॉकेट मर्दासारखा चालतो. तीन माळा पूर्ण पेटल्या, दोन अर्ध्या, बाकीच्या विचार करताहेत. रस्त्यावरून छान दिसतं. विशेषतः गॉर्डीच्या खिडकीतून दिसत असणार, मी मुद्दाम अंदाज घेतला.

मार्लिस म्हणते, पन्हाळीला हात लागला तर मुंग्या येतात. म्हटलं, थंडीने.

रविवार, २१ डिसेंबर

वाऱ्याने वायरीचं टोक माळेतून निसटलं. झुडपापाशी लोंबतंय, कमरेच्या खाली. दिवे गेले.

गॉर्डी आलाच. निमित्त बर्फ काढायचं. हिरवळीच्या बाहेरच उभा राहून म्हणाला, व्हर्लिन, त्या पिना जिवंत आहेत, आधी आतला प्लग काढ. घरात लहान पोर येणार आहे ना? मी म्हणालो, स्वतःच्या अंगणातलं बर्फ काढ. म्हणाला, मी तुझ्या वाईटावर नाहीये रे. आणि निघून गेला. असं बोलून माणूस आपल्यालाच वाईट ठरवून जातो.

उद्या टोकाला पट्टी गुंडाळून टाकीन.

मंगळवार, २३ डिसेंबर

पट्टी गुंडाळली नाही. कारण गॉर्डी खिडकीतून बघत होता. त्याच्यासमोर गुंडाळली असती तर त्याने सांगितलं म्हणून गुंडाळली असं झालं असतं. माळेत परत खोचून ठेवलंय, बस्स. दिवे लागले. उद्या पोरं येतात.

मार्लिसने खोलीत नवी चादर घातली, छोट्या गादीवर अस्वलाची उशी ठेवली. दोनदा जाऊन बघून आली. मी एकदा गेलो, दार नीट लागतंय का ते बघायला. उशी बरी आहे.

बुधवार, २४ डिसेंबर, दुपार

आले. मी दारातच हसलो. ड्वेनशी हातही मिळवला. त्याची शिडी गाडीवरच आहे! लिनेयाने माझ्या नाकाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, खरं आहे. मग माझी तर्जनी धरून मला झाडाखालचे खाऊचे डबे दाखवत फिरवलं. माझेच डबे. सोडत नव्हती बोट.

बुधवार, २४ डिसेंबर, रात्र ८.००

लिहायचं नव्हतं, पण नोंद असावी.

अंधारल्यावर सगळे दिवे बघायला बाहेर आलो. वारा होता. टोक पुन्हा निसटलेलं. दिवे गेलेले, आणि लिनेया झुडपाकडे धावली. पिना चकचकीत असतात. तिने हात पुढे केला.

ड्वेन कसा पोचला कळलं नाही. पोरीला उचलून बर्फात पडला, पोर रडायला लागली. बोटाला काही झालं नाही. ग्रेटाचा चेहरा पांढरा. ड्वेन उठला, गॅरेजमध्ये गेला, मेन स्विच पाडला आणि वायर माझ्यासमोर धरली. ओरडला नाही. नुसतं विचारलं, हे कोणी केलं?

मी ३१ वर्षांच्या अनुभवाने जाणतो की अपघातानंतर पहिल्या मिनिटात घाईने जबाबदारी स्वीकारायची नसते.

मी म्हणालो, मार्लिसने.

मार्लिस आत गेली, कोट घातला आणि अस्वलाची उशी काखेत घेऊन बाहेर आली.

मग ड्वेनने शिडी काढली. पोरीला कबूल केलंय, म्हणाला. दीड तास एकटा वर होता. स्टेपल उपटले, बाहेरच्या तीन माळा सरळ करून क्लिपांनी लावल्या, बाकी पाच गुंडाळून गॅरेजात ठेवल्या. बाहेरच्या सॉकेटला टायमर लावला. सॉकेट एकदाही बंद पडला नाही. मी दारात उभा राहून देखरेख केली. एक क्लिप तिरकी होती, ते सांगितलं. त्याने सरळ केली.

लिनेयाने गाडीच्या काचेतून दिवे बघितले. मग ते चौघे निघाले. चौघे म्हणजे मार्लिस धरून.

गुरुवार, २५ डिसेंबर, सकाळ

घर शांत. वाचन होईल असं वाटलं होतं, झालं नाही.

१०.००. ग्रेटाचा फोन. मोटेलच्या मॅनेजरने किचन वापरू दिलंय, हॅम भाजतोय, बाबा, तुम्ही या. एकच गोष्ट, आल्यावर आईला सगळ्यांसमोर सांगा की ते तुम्ही केलं होतं. बाकी कोणी एक शब्द काढणार नाही, ड्वेन तर नाहीच. लिनेया विचारतेय, खऱ्या नाकाचा माणूस कुठे गेला.

मी म्हणालो, रस्त्यावर बर्फ आहे, अशा रस्त्यावर गाडी घालणं बेजबाबदारपणाचं होईल. ग्रेटा म्हणाली, रस्ता पहाटेच साफ केलाय, बाबा. आई सकाळी औषधं न्यायला त्याच रस्त्याने घरी येऊन गेली, तुम्ही न्हाणीघरात होतात.

मी आंघोळ करत नव्हतो. बाहेर तिचा आवाज ऐकला तेव्हा मी आतून कडी लावून उभा होतो.

दुपार २.००. नवा स्वेटर घातला. गाडी सुरू केली. मोटेल बारा मिनिटांवर आहे. वाक्य एकदा म्हणून पाहिलं, गाडीत, मोठ्याने. ते मी केलं. नीट येत नाही. इंजिन बंद केलं. अशा मनःस्थितीत गाडी चालवू नये, हे मीच फॅक्टरीच्या भिंतीवर लावलं होतं.

संध्याकाळ ४.३०. ड्वेनच्या टायमरने दिवे लागले. सगळेच्या सगळे, एकही विझलेला नाही. बाहेर जाऊन उभा राहिलो. गॉर्डी कुत्र्याला घेऊन चालला होता, थांबला. म्हणाला, मानलं तुला, व्हर्लिन, एकदम सुरेख आणि एकदम सरळ. मी म्हणालो, अनुभव लागतो.

मग त्याने विचारलं, नातीला आवडले का?

मी म्हणालो, खूप. आत्ताच झोपली, जरा हळू बोल.